फिल्म कॅमेऱ्यावर सॉफ्ट रिलीज: कोणता बसतो, कुठे नडतो आणि उपयोग नक्की किती?

अर्धा_स्टॉप

झोर्की-४ आणि पेंटॅक्स के१००० या दोन्हींवर सॉफ्ट रिलीज (शटरच्या बटणावर फिरवून बसवायची छोटी टोपी) लावायचं डोक्यात आहे. ट्रायपॉड न घेता १/३० आणि १/१५ सेकंदाच्या वेगावर जे फोटो हलतात ते थोडे तरी आवरावेत, एवढीच अपेक्षा. बाजारात फुगीर, खोलगट, उंच, बुटके, पितळी, लाकडी असे सगळे प्रकार दिसतात आणि वर्णनात फक्त "सर्व कॅमेऱ्यांना बसतो" एवढंच असतं. आकार कसा निवडायचा? लावल्यावर काय तपासायचं? आणि मुळात फरक पडतो का, की नुसता दागिना?

पितळी

"सर्व कॅमेऱ्यांना" यावर विश्वास ठेवू नका. शटर बटणाच्या मधोमध आटे असतील तर ते केबल रिलीजसाठी (लांबून शटर दाबायची तार) दिलेले निमुळते आटे असतात आणि सॉफ्ट रिलीज त्यांतच बसतो. तुमच्या दोन्ही कॅमेऱ्यांत ते आहेत. ऑलिंपस ओएम-१, निकॉन एफएम२, कॅनन ए-१, लायका एम३ आणि एम६, हॅसलब्लाड ५००सी/एम यांतही आहेत.

नाहीत कुठे? लेन्स आट्यांवर फिरवून बसवायचे जुने लायका (२, ३ मालिका) आणि निकॉन एफ, एफ२ यांत बटणाच्या आत काही नाही, बटणाभोवती बाहेरून आटे आहेत. लायकावर आधी बटणाभोवतीची संरक्षक कडी फिरवून काढावी लागते, मग घंटेच्या आकाराचा अडॅप्टर लागतो. निकॉन एफ/एफ२ साठी निकॉनचाच एआर-१ येतो. एफ३ आणि एफएम/एफई घराण्यासाठीचा एआर-९ वेगळा, तो नेहमीच्या निमुळत्या आट्यांचा. विकणारे या दोघांची सर्रास गल्लत करतात, त्यामुळे फोटोत दांडी दिसते की आतून पोकळ घंटा, ते बघूनच घ्या.

ऑलिंपस एक्सए, म्यू वगैरेंना आटेच नाहीत. तिथे फार तर चिकटवायची रबरी टिकली.

लोलक

दागिनाच. विशेषतः के१००० वर. एसएलआरमध्ये (लेन्समागे आरसा असलेला कॅमेरा) १/३० ते १/४ च्या दरम्यान आरसा आपटून जो हादरा बसतो त्याला बोटाशी काही देणंघेणं नाही. बटणावर टोपी बसवून आरसा हळू आपटत नाही.

रेंजफाइंडर

लोलक, अर्धं बरोबर. आरशाचा हादरा राहतोच. पण हातात धरलेल्या कॅमेऱ्यात १/१५ ला बोटाचा झटका बहुतेकदा आरशापेक्षा मोठा असतो. हात हे ओलं, जड माध्यम आहे, आरशाचा बारीक थरथराट ते बराचसा गिळून टाकतं. उजव्या कोपऱ्यावर खाली मारलेला दट्ट्या मात्र अख्खा कॅमेरा तिरका करतो.

सॉफ्ट रिलीज काय करतो आणि काय करत नाही ते नीट कळलं की वाद मिटतो. बटण दाबायला लागणारा जोर तो कमी करत नाही. बटणाचा प्रवास कमी करत नाही. तो दोनच गोष्टी करतो: बटणाची उंची वाढवतो आणि जोर जास्त जागेवर पसरवतो. उंची वाढली की बोटाचं टोक उभं रोवण्याऐवजी बोट आडवं, वरच्या पत्र्याला टेकवून ठेवता येतं आणि पहिल्या पेऱ्याच्या मांसल भागाने किंवा सांध्याच्या घडीने नुसतं दाबत नेता येतं. खरा फायदा त्या आडव्या बोटाचा आहे. टोपी लावून बोट पूर्वीसारखंच टोकाने मारलं तर फरक शून्य, उलट उंची वाढल्याने झटका थोडा जास्तच.

धरायचं असं: तर्जनी बटणावर आडवी, तिचं टोक पत्र्यावर किंवा बटणाच्या पलीकडच्या कडेवर टेकलेलं. आधी बटणाची ढील काढून घ्यायची, म्हणजे प्रतिकार लागेपर्यंत दाबून थांबायचं. श्वास अर्धा सोडून मग उरलेलं दाब वाढवत न्यायचं. आणि शटर वाजलं तरी बोट लगेच उचलायचं नाही. १/८ ला पडदा उघडा असतानाच बोट सुटायला लागतं, आणि त्याचाही ओरखडा निगेटिव्हवर दिसतो.

लोलक

आडव्या बोटासाठी टोपी कशाला? तसंही धरता येतं.

रेंजफाइंडर

बटण पत्र्यापेक्षा बरंच वर असेल तर येतं, हो. ज्यांचं बटण कड्याच्या आत बुडालेलं आहे त्यांवर बोटाचं मांस कड्यावरच टेकतं आणि बटण शेवटपर्यंत जात नाही. तिथे टोपी लागतेच.

काळोखखोली

तोंडी वाद घालण्यापेक्षा एक रोल खर्ची घाला. ३६ चा रोल यासाठी अगदी बेतशीर पुरतो. बारीक छपाईचा कागद भिंतीवर सपाट लावा, ५० एमएम लेन्स, अंतर साधारण २ मीटर. वेग चार: १/६०, १/३०, १/१५, १/८. प्रत्येक वेगाला तीन फोटो टोपीशिवाय, तीन टोपी लावून, तीन ट्रायपॉड आणि केबलवर. चार गुणिले नऊ, ३६. अ‍ॅपर्चर १/६० ला एफ/२.८ धरलं तर १/८ ला एफ/८ येतं. उजेड त्या हिशोबाने ठेवा.

दोन पथ्यं. हाताचे फोटो आलटून पालटून घ्या, एकदा टोपीशिवाय, एकदा टोपीसह. आधी सगळे एका पद्धतीने आणि मग दुसरीने घेतले तर हात थकल्याचा किंवा सरावल्याचा परिणाम टोपीच्या खात्यावर जातो. आणि कागदाशेजारी एक बारीक एलईडी लावून ठेवा. निगेटिव्ह १० पट भिंगाखाली बघितली की अक्षरं पुसट का झाली ते त्या ठिपक्यावरून कळतं. ठिपका खालीवर किंवा तिरका ओढलेला असेल तर संशय बोटावर. दिशा दर फोटोला बदलत असेल तर उभं राहण्यातच डगमग आहे, बटणाचा दोष नाही. ट्रायपॉडचे तीन फोटो हे मापाला: तेसुद्धा पुसट आले तर फोकस चुकलाय, बाकीचं काही वाचण्यात अर्थ नाही.

ट्रायपॉडच्या फोटोंत १/१५ चा ठिपका किंचित उभा ताणलेला दिसला आणि १/६० चा नाही, तर तो लोलक म्हणतात तो आरसा. ओएम-१ ला आरसा वर अडकवायची सोय आहे, के१००० ला नाही.

अर्धा_स्टॉप

हे छान आहे. रोल न वापरता काही अंदाज घेता येईल का?

काळोखखोली

लेझर पॉइंटर फ्लॅश लावायच्या खाचेवर रबरबँडने आवळा, ५ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा, रिकामा कॅमेरा क्लिक करत ठिपक्याकडे बघा. उडी कुठल्या बाजूला आणि किती, लगेच दिसतं. समोर कुणी नाही ना, एवढं बघून.

पितळी

आता आकार. रेंजफाइंडर यांनी सांगितलं तसं बोट आडवं ठेवायचं असेल तर किंचित फुगीर टोपी बरी, सांध्याची घडी तिच्यावर बसते. बोटाच्या टोकानेच दाबणाऱ्यांना खोलगट आवडते कारण टोक घसरत नाही. व्यास ८ ते १२ मिमी मधला घ्या. जाड हातमोजे घालून काम असेल तर त्याहून मोठा. उंची शक्य तितकी कमी: बोट कड्याला न टेकता बटण तळाला जाईल एवढीच. उंच टोपी म्हणजे तरफ. पट्ट्याला किंवा पिशवीच्या तोंडाला अडकून तिच्यावर आडवा धक्का बसला तर तो बटणाच्या दांड्याला वाकवतो. दांडा जरा जरी तिरका झाला तरी बटण दाबल्यावर अडकून राहतं, वर येत नाही. मग वरचा पत्रा उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

धातू म्हणाल तर पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही चालतात. मला पितळ पसंत, आटे स्वच्छ कापलेले असतात. लाकडी टोपीत धातूची दांडी डिंकाने बसवलेली असते, ती कधी ना कधी सुटते आणि दांडी बटणातच राहते.

यंत्रवेडा

पितळी यांनी मुख्य धोक्याला हात लावला नाही, तो मी लिहितो. दांडीची लांबी.

केबल रिलीज कसा चालतो ते आठवा. केबलचं टोक बटणात फिरवून बसतं आणि तिची सुई बटणाच्या छिद्रातून आरपार जाऊन आतल्या भागाला ढकलते. म्हणजे छिद्राच्या तळाशी शटर सोडणारा हलता भाग आहे. सॉफ्ट रिलीजची दांडी गरजेपेक्षा लांब असली की तीही तेच करते. पूर्ण आवळल्यावर आतला भाग कायमचा थोडा दाबलेला राहतो. मग तीन प्रकारचे घोळ होतात.

शटर चढवलेलं (पुढच्या फोटोसाठी ताणून तयार) असेल तर टोपी फिरवतानाच क्लिक होतं. हे कळतं तरी.

अर्ध्या दाबावर उजेड मोजणारा मीटर चालू होणाऱ्या कॅमेऱ्यात मीटर चालूच राहतो आणि बॅटरी बसते. दोष बॅटरीला दिला जातो. एम६ चा मीटर शटर चढवल्यावरच लागतो, त्यामुळे तिथे हे अधूनमधून होतं आणि गोंधळ वाढतो.

तिसरं सगळ्यात चोरटं: फिल्म पुढे सरकवून शटर चढवणारा लिव्हर ओढल्यावर शटर अडकत नाही, किंवा ओढता ओढता सुटून जातं. लोक समजतात शटर बिघडलं.

तपासायचा क्रम सांगतो. फिल्म नसताना, शटर न चढवता टोपी बोटांनीच हलके फिरवून बसवा. पक्कड नाही. मग लिव्हर ओढा: नेहमीसारखा पूर्ण जाऊन अडकला पाहिजे. मीटर अर्ध्या दाबाचा असेल तर बटणाला हात न लावता व्ह्यूफाइंडरमध्ये बघा, दिवे किंवा काटा शांत हवा. मग सावकाश दाबा आणि बटणाचा प्रवास पूर्वीइतकाच लागतो का ते ताडा. लवकरच सुटत असेल तर दांडी लांब. शेवटी वेग बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत पडदा उघडा) ठेवून दाबा, सोडा. पडदा सोडल्याबरोबर बंद झाला पाहिजे.

दांडी लांब निघाली तर टोपीखाली १ मिमी जाडीची रबरी ओ-रिंग घाला. दांडी तेवढीच वर राहते. तरी भागलं नाही तर दांडीचं टोक बारीक कानशीने घासा, पण टोपी कॅमेऱ्यावर असताना नव्हे. पितळेचा कीस बटणातून आत गेला तर शटरमध्ये जातो.

निगेटिव्ह_विचार

ओ-रिंगचा दुसरा फायदा म्हणजे टोपी सैल होऊन हरवत नाही. निमुळते आटे मुळात एक-दोन फेऱ्यांतच धरतात आणि हाताळताना सुटतात. हरवलेल्या टोप्यांची संख्या बघता या वस्तूचा खरा शत्रू आरसा नसून खिसा आहे.

यंत्रवेडा

हो. सैल होण्यावर लोक भलभलते उपाय करतात. ओ-रिंग पुरली नाही तर आट्यांवर प्लंबरची टेफ्लॉन टेप, एकच वेढा, आट्यांच्या दिशेने ताणून, टोकाशी अर्धा मिमी मोकळं सोडून. जास्त वेढे दिले की दांडी आत शिरताना टेपचे तुकडे सुटतात.

थ्रेडलॉकर (आटे जाम करणारा डिंक) शक्यतो नको. लावलाच तर निळा, तोही टाचणीच्या टोकाने एका आट्यावर, आणि कॅमेरा उलटा धरून, म्हणजे थेंब बटणातून खाली झिरपणार नाही. आजूबाजूला प्लास्टिक असेल तर तोही नाही, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. लाल थ्रेडलॉकर आणि सुपरग्लू यांचं नावच काढू नका.

लोलक

आणि आवळून बसवणं?

यंत्रवेडा

निमुळत्या आट्यांत जितकं आवळाल तितकी पाचर घट्ट बसते. दोन गोष्टी होतात. एक, बटणाचे आटे फाटतात आणि मग केबलही बसत नाही. दुसरं, काढताना टोपीबरोबर बटणच फिरून वर येतं, कारण काही जुन्या कॅमेऱ्यांत बटण स्वतःच आट्यांवर बसवलेलं आहे. बोटाच्या चिमटीत जेवढं घट्ट होतं तेवढं बस.

अडकलेली टोपी काढायला रबरी हातमोजा किंवा टोपीच्या कडेला दोन वेढे रबरबँड. पकड चांगली येते, ओरखडा नाही. दांडी आत तुटली तर तिच्या तोंडावर कडेला शिवणाची सुई टेकवून घड्याळाच्या उलट दिशेने हलके हलके रेटत फिरवायची. तेल मारायचं नाही. ते आटे सोडवण्याआधी शटरपर्यंत पोचतं. ड्रिल तर नाहीच.

रेंजफाइंडर

आता झोर्की-४ बद्दल खास, कारण धागाकर्त्याचा तो कॅमेरा आहे आणि तिथे टोपीचा व्यास फारच महत्त्वाचा.

पहिलं, रिवाइंड. बटणाभोवतीची कडी फिरवल्यावर फिल्म मोकळी होते. रुंद टोपी त्या कडीवर छत्रीसारखी येते आणि कडीला बोट लागत नाही. रिवाइंड करण्याआधी टोपी काढायची सवय ठेवा.

दुसरं, वेगाची चकती. झोर्कीत ती शटर सुटताना स्वतः फिरते. तिला बोट लागलं तर पडद्याची गती बिघडते आणि निगेटिव्हवर उजेड एका बाजूला कमी-जास्त येतो. बोट आडवं ठेवायची जी पद्धत वर सांगितली ती या कॅमेऱ्यात जशीच्या तशी चालणार नाही. बोटाचं टोक चकतीकडे नाही, पुढच्या कडेकडे वळवा. टोपीची कडही चकतीपासून सुटी हवी. लायका एम३ पासून ही चकती स्थिर आहे, तिथे ही भानगड नाही. वेग नेहमीप्रमाणे शटर चढवल्यावरच बदलायचा, हे टोपीचं नसलं तरी लिहून ठेवतो.

काळोखखोली

पिशवीत आपोआप क्लिक होण्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. टोपी वर आली की पिशवीचं झाकण, दुसरी लेन्स, काहीही तिच्यावर दाबतं. के१००० ला बटणाचं कुलूप नाही, ओएम-१ ला नाही, एम६ ला नाही. उपाय एकच: शटर चढवून ठेवू नका. फोटो काढायच्या क्षणी लिव्हर ओढा. न चढवलेलं शटर कितीही दाबलं तरी फिल्म वाया जात नाही.

एफएम२ ला लिव्हर बॉडीला चिकटवला की बटण अडकतं. कॅनन ए-१ ला मुख्य स्विच एल (कुलूप) वर. एम६ जुना असेल तर वेग बी वर ठेवला की मीटर लागत नाही, एम६ टीटीएलला चकतीवरच बंद करायची जागा आहे. चामड्याचं जुनं घट्ट कव्हर वापरणाऱ्यांनी टोपीचा विचार सोडून द्यावा, ते बंद होताना नेमकं बटणावरच दाबतं.

निगेटिव्ह_विचार

कॅननवर पॉवर वाइंडर लावणाऱ्यांनीही जपून. बटण दाबलेलं राहिलं की तो सेकंदाला साधारण दोन फोटो ओढतो. मोठ्या टोपीवर निवांत टेकलेलं बोट सुटायला उशीर करतं आणि दुसरी फ्रेम फुकट.

अर्धा_स्टॉप

मिनोल्टा एक्स-७०० वर काही लावता येईल का? एका मित्राला हवंय.

पितळी

त्याच्या बटणात आटे नाहीत आणि बटण स्पर्शाने जागं होतं. रबरी टिकली चिकटवली तर बोटाचा स्पर्श धातूला पोचत नाही, व्ह्यूफाइंडरमधले दिवे लागायला किंचित दाबावं लागतं, हातमोजे घातल्यावर लागतं तसं. चालतं, पण स्पर्शाची सोय गेली. मित्राला सांगा, तसंच राहू द्या.

अर्धा_स्टॉप

१२ मिमीची फुगीर पितळी टोपी आली. के१००० वर सगळ्या तपासण्या पार. झोर्कीवर मात्र फिल्म ओढायची घुंडी व्यवस्थित अडकते, शटर आपोआप सुटत नाही, पण दाबल्यावर शटर कधी सुटतं, कधी नाही. जोर लावला तर सुटतं.

यंत्रवेडा

हा लांब दांडीच्या उलट दोष. टोपीची खालची कड कडीवर टेकतेय आणि बटण तळाला पोचायच्या आत थांबतंय. खात्री करून घ्या: साध्या कागदाची ३ मिमी रुंद पट्टी टोपीखाली कडेने सरकवा, शटर न चढवता बटण पूर्ण दाबून धरा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी सहज निघाली पाहिजे. जिथे अडकते तिथे टोपी टेकते. जोर लावून चालवू नका. तो जोर बटणावर नाही, कडीवर जातोय.

अर्धा_स्टॉप

पट्टी दोन बाजूंना अडकते, वेगाच्या चकतीकडे आणि मागे. समोर सुटी आहे.

यंत्रवेडा

दोनच बाजूंना म्हणजे टोपी किंचित तिरकी बसलीय. काढून आटे भिंगाखाली बघा. पहिला आटा चेपलेला किंवा चकचकीत घासलेला दिसला तर टोपी बदला, ती बटणाचेही आटे खाईल. आटे ठीक असतील तर १ मिमी ओ-रिंग घालून पुन्हा बसवा आणि पट्टी परत फिरवा. ओ-रिंगचा बाहेरचा व्यास बटणापेक्षा मोठा नको, नाहीतर तीच कडीत अडकेल.

पितळी

आणि तरी अडकली तर ही १२ मिमीची के१००० वर ठेवा, झोर्कीला ८ मिमीची घ्या. रिवाइंडची कडीही मोकळी राहील.

अर्धा_स्टॉप

ओ-रिंग घातल्यावर मागची बाजू सुटली, चकतीकडे अजून घासते. ८ मिमीची मागवतो. जुन्या केबल रिलीजचं टोक कापून टोपी घरी करता येते असं वाचलं, तोपर्यंत ते करून बघू का?

निगेटिव्ह_विचार

करता येते. केबलचं आट्यांचं टोक बारीक हॅक्सॉने आट्यांपासून ३ मिमी वर कापा, आतली सुई पूर्ण ओढून काढा. ती राहिली तर यंत्रवेडा यांनी सांगितलेले तिन्ही घोळ हमखास. पोकळी एपॉक्सीने भरा, वर ८ मिमीची पितळी चकती किंवा रिव्हेटचं डोकं काटकोनात बसवा आणि २४ तास हलवू नका. आट्यांवर एपॉक्सी ओघळला असेल तर तो वाळायच्या आत पुसा. वाळल्यावर ती टोपी बटणात फिरवलीत तर ती पुन्हा बाहेर येईलच असं नाही.